नाताळचं जेवण आणि वाइन: आधी ताट, मग बाटली

नाताळच्या टेबलावर वाइन फसते तेव्हा दोष बहुतेक वेळा बाटलीचा नसतो. ती नको त्या पदार्थाबरोबर, नको त्या वेळी किंवा नको तितकी गार-गरम उघडलेली असते. सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे घरातली भारी ब्रूट, म्हणजे जेमतेम गोडीची, शॅम्पेन जपून ठेवायची आणि जेवणाच्या शेवटी, पुडिंग आल्यावर टाळ्यांच्या गजरात उघडायची. मीही हे केलंय. मनुका, काळा गूळ आणि ब्रँडीने गच्च भरलेल्या पुडिंगचा घास आणि त्यावर शॅम्पेनचा घोट. तोंडात उरलं ते लिंबू पिळलेलं सोड्याचं पाणी. पाहुणे सभ्य होते, काही बोलले नाहीत. पण सकाळी आवरताना सगळे ग्लास अर्धे भरलेले सापडले.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. खरेदी चौथ्या टप्प्यानंतर येते, पहिल्या नाही.

१. ताट कागदावर मांडा

‘टर्कीबरोबर कोणती वाइन?’ हा प्रश्न अर्धवट आहे. टर्की एकटी येत नाही. तिच्याबरोबर क्रॅनबेरी सॉस असतो, सेज या सुगंधी पानांचं आणि कांद्याचं सारण असतं, ग्रेव्ही, बेकनमध्ये गुंडाळलेले सॉसेज, भाजलेले बटाटे आणि ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे इवले कोबी, असतात. टर्कीचं मांस या सगळ्यात सर्वांत सौम्य. वाइनचं भांडण होतं ते बाकीच्यांशी.

म्हणून पूर्ण यादी लिहा, सॉस आणि चटपटीत तोंडीलावण्यांसकट. प्रत्येकासमोर त्याची ठळक चव लिहा: गोड, आंबट, खारट, चरबीदार, कडू. मग एवढं लक्षात ठेवा:

- गोड घासानंतर वाइन कमी गोड, जास्त आंबट आणि जास्त तुरट लागते. म्हणून वाइन पदार्थाइतकी तरी गोड हवी.
- मीठ आणि आंबटपणा वाइनला मवाळ करतात. खारट हॅम किंवा व्हिनेगर घातलेल्या सॅलडबरोबर आंबटसर वाइन खुलते. मुळातच आंबटपणा कमी असलेली वाइन मात्र बेचव वाटते.
- चरबी कापायला आंबटपणा किंवा बुडबुडे लागतात.
- लाल वाइनमधलं टॅनिन, म्हणजे हिरड्या आवळणारा तुरटपणा, चरबीदार लाल मांसाबरोबर निवतं. तेलकट माशाबरोबर मात्र तोंडात लोखंडाची चव येते.
- स्प्राउट्सचा कडवटपणा आणि ओकच्या पिंपाचा कडवटपणा एकमेकांना वाढवतात.

*तपासून पाहा:* शक्य असेल तर आठवडाभर आधी लाल वाइनची एक बाटली उघडा. आधी नुसता घोट घ्या. मग अर्धा चमचा क्रॅनबेरी सॉस खा आणि लगेच दुसरा घोट घ्या. मी कोवळ्या, तुरट कॅबर्ने सोव्हिन्यॉवर हे करून पाहिलं. पहिल्या घोटात काळं फळ होतं. दुसऱ्यात फळ गायब आणि जीभ खडूवरून फिरवल्यासारखी कोरडी. तेच पिनो न्वार या हलक्या लाल वाइनबरोबर केलं तर फरक जेमतेम जाणवला. सॉसच्या आधी आणि नंतर जिची चव साधारण तीच राहते, ती तुमची वाइन.

२. माणसं मोजा, ग्लास मोजा

७५० मिलीच्या बाटलीत १२५ मिलीचे सहा ग्लास बसतात. आठ जण असतील तर सुरुवातीच्या फेरीला, माणशी एक ग्लास धरून, शॅम्पेनच्या दोन बाटल्या लागतात. मुख्य जेवणाला माणशी दोन ग्लास धरले तर सोळा ग्लास, म्हणजे तीन बाटल्या. गोड वाइन मात्र माणशी ५० ते ६० मिलीच द्यायची असते. ती ३७५ किंवा ५०० मिलीच्या बाटलीत मिळते आणि आठ जणांना ५०० मिली पुरते. लोक इथेच गोंधळतात: गोड वाइनची मोठी बाटली आणतात आणि लाल कमी पडते.

एक बाटली जास्तीची ठेवा. का, ते सहाव्या टप्प्यात.

गाडी चालवणारे, न पिणारे आणि मुलं यांच्यासाठीही काहीतरी चांगलं हवं. गार केलेला, गोडीला कमी असा द्राक्षाचा किंवा सफरचंदाचा रस त्याच उंच ग्लासात ओता, म्हणजे टोस्टच्या वेळी कोणी पाण्याचा पेला धरून अवघडत नाही.

*इशारा:* टेबलावर शाकाहारी किंवा व्हीगन कोणी असेल तर लेबल बघा. वाइन नितळ करायला कधी अंड्याचा पांढरा भाग, कधी दुधातलं केसीन, तर कधी माशापासून काढलेला आयसिंग्लास वापरतात. ‘व्हीगन’ असं छापलेली बाटली घेतली की प्रश्न मिटतो.

३. लेबलावरची गोडी वाचा

शॅम्पेन ड्रायच, म्हणजे गोडी नसलेलीच, असते असा समज आहे. नसते. एका लिटरमध्ये साखर किती यावरून तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत:

- ब्रूट नेचर: ३ ग्रॅमपेक्षा कमी, वरून साखर घातलेली नाही
- एक्स्ट्रा ब्रूट: ६ ग्रॅमपर्यंत
- ब्रूट: १२ ग्रॅमपेक्षा कमी
- एक्स्ट्रा ड्राय: १२ ते १७ ग्रॅम
- सेक: १७ ते ३२ ग्रॅम
- दमी-सेक: ३२ ते ५० ग्रॅम
- दू: ५० ग्रॅमपेक्षा जास्त

सापळा चौथ्या ओळीत आहे. ‘एक्स्ट्रा ड्राय’ वाचून माणूस सगळ्यांत ड्राय समजून उचलतो आणि ती ब्रूटपेक्षा गोड निघते. इटलीच्या बुडबुड्यांच्या वाइनवर, प्रोसेकोवर, हा शब्द फार दिसतो. ‘सेक’ या फ्रेंच शब्दाचा अर्थसुद्धा ‘ड्राय’च, आणि तीही गोडसर. भाषेवर जाऊ नका, आकड्यावर जा.

शॅम्पेन हे नाव फक्त फ्रान्सच्या त्याच प्रदेशातल्या वाइनला मिळतं. बजेट आखडतं असेल तर स्पेनची कावा किंवा फ्रान्सच्या इतर भागांतली क्रेमाँ घ्या. दोन्हींत दुसरं आंबवणं बाटलीतच होतं, त्यामुळे जेवणाबरोबर त्या शॅम्पेनच्या जवळ जातात. प्रोसेको बहुतेक वेळा मोठ्या टाकीत तयार होते. ती फळाळ, हलकी आणि गप्पांबरोबर छान, पण भरल्या ताटासमोर टिकत नाही.

जर्मन रीसलिंग या पांढऱ्या वाइनची गोडी ओळखायची सोपी खूण म्हणजे अल्कोहोलचा आकडा. ८-९ टक्के असेल तर बाटलीत बहुधा गोडी शिल्लक आहे. १२ किंवा त्याहून जास्त असेल तर ती बहुधा ड्राय. ‘ट्रोकन’ लिहिलं असेल तर ड्रायच.

४. जोड्या ठरवा

*सुरुवातीचे घास.* तुमच्या ब्रूटची जागा इथे आहे. खारवलेले बदाम, स्मोक्ड सामन, चीजचे कुरकुरीत तुकडे, म्हणजे मीठ आणि चरबी. ब्लाँ द ब्लाँ, म्हणजे बहुतेक वेळा फक्त शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाची शॅम्पेन, सामनबरोबर फार सुंदर जाते. ऑयस्टर असतील तर मस्कादे किंवा शाब्ली, दोन्ही ड्राय पांढऱ्या. फ्रान्समध्ये नाताळच्या रात्री फ्वा ग्राबरोबर (बदकाचं किंवा गूजचं चरबीदार यकृत) गोड सोतेर्न देण्याची रीत आहे. जोडी अप्रतिम आहे, पण सुरुवातीलाच गोड वाइन दिली की पुढची ड्राय वाइन आंबट लागते. द्यायचीच असेल तर अर्धा ग्लास द्या आणि मध्ये पाणी, पाव आणि थोडा वेळ जाऊ द्या.

*टर्की.* पिनो न्वार किंवा बोजोलेच्या मोरगाँ, फ्ल्युरी अशा गावांची गामे द्राक्षाची लाल वाइन. दोन्हींत लाल फळ आहे, आंबटपणा आहे आणि टॅनिन कमी. टर्कीच्या छातीच्या मांसात चरबी फारशी नसते, त्यामुळे जड टॅनिनला निवायला काही मिळत नाही. मोठी, तुरट बोर्दो इथे फुकट जाते. पांढरी आवडणाऱ्यांना ओकमध्ये मुरलेली शार्दोने द्या. ग्रेव्ही आणि भाजलेले बटाटे तिला शोभतात.

*गूज (हंसाच्या जातीचा पक्षी) आणि बदक.* इथे चरबी भरपूर. जर्मनीत गूजबरोबर सफरचंद घातलेली आंबटगोड लाल कोबी येते आणि निर्णय तीच घेते: थोडी गोडसर श्पेटलेझे रीसलिंग. लाल हवी असेल तर पिनो न्वार. इटलीच्या तुरट लाल नेबिओलोचा आंबटपणा चरबीला पुरा पडतो, पण कोबी गोड असेल तर तिचं टॅनिन बोचतं.

*मध किंवा साखर लावून भाजलेलं हॅम.* खारट आणि गोड एकत्र. गोडसर रीसलिंग किंवा फळाळ लाल ग्रनाश. टॅनिनवाली वाइन नको, गोडी आणि लवंगेपुढे ती कडू होते.

*बीफ रोस्ट.* आता काढा ती कॅबर्ने किंवा सिरा.

*२४ डिसेंबरचं जेवण.* बऱ्याच देशांत मुख्य जेवण आदल्या संध्याकाळी असतं आणि तिथे गणित वेगळं. इटलीत त्या रात्री अनेक घरांत मांस नसतं, मासे आणि शिंपले असतात; वेर्मेंतिनो किंवा वेर्दिक्कियोसारखी पांढरी वाइन पुरते. पोलंडच्या विगिलियात बीटचं आंबटसर सूप आणि कार्प मासा असतो. ड्राय रीसलिंग सगळं सांभाळते. जर्मनीत अनेक घरी त्या संध्याकाळी साधं सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड असतं. सॅलडमध्ये व्हिनेगर असेल तर ड्राय जर्मन सेक्ट, म्हणजे तिथली बुडबुड्यांची वाइन, उघडा. साधेपणाला इतकी चपखल जोडी क्वचित मिळते.

*शाकाहारी रोस्ट.* मशरूम, चेस्टनट, अक्रोड: पिनो न्वार किंवा ग्रनाशची कोत द्यु रोन. टर्कीसाठीची बाटलीच चालते, वेगळी आणू नका.

सगळ्यांना मिळून एकच वाइन आणायची असेल तर मी रोझे, म्हणजे गुलाबी, ब्रूट शॅम्पेन घेईन. सामनपासून हॅमपर्यंत ती कुठेही तोंड पाडत नाही. फक्त पुडिंगच्या आधी थांबायचं.

५. गार करण्याचं वेळापत्रक

ही पायरी सगळे उरकून टाकतात. चांगली वाइन सर्वाधिक फुकट जाते ती याच पायरीवर.

शॅम्पेन ८ ते १० अंश सेल्सिअसला हवी. हलक्या पांढऱ्याला तेच तापमान, ओकवाल्या शार्दोनेला १० ते १३, पिनो न्वार आणि गामेला १३ ते १५, जड लाल वाइनला १६ ते १८. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला गार दगडी घरांच्या काळातला. नाताळच्या दुपारी ओव्हन चार तास चालू, आठ माणसं, बंद खिडक्या: खोली सहज २४-२५ अंशांवर जाते. त्या तापमानाला लाल वाइनमधला अल्कोहोल नाकात शिरतो आणि फळ मागे पडतं.

- फ्रिजमध्ये शॅम्पेन: किमान ३ ते ४ तास, आदल्या रात्री ठेवली तर उत्तम.
- बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी: २० ते ३० मिनिटं. नुसता बर्फ नको. खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटलीला गारवा नीट लागत नाही. मूठभर मीठ टाकलं तर आणखी लवकर.
- लाल वाइन: वाढण्याआधी २० ते ३० मिनिटं फ्रिजमध्ये.

*इशारा:* फ्रीझरमध्ये शॅम्पेन ठेवू नका. ‘दहाच मिनिटं’ म्हणून मी ठेवली आणि ग्रेव्हीच्या नादात विसरले. दोन तासांनी दार उघडलं तर बूच निघालेलं, मटारच्या पिशव्यांवर गोठलेला फेस आणि काचेला उभी भेग. बाटलीत मुळात पाच-सहा वातावरणांचा दाब असतो; त्यात पाणी गोठून फुगलं की काच हरते.

६. उघडणं, हुंगणं, ओतणं

शॅम्पेनसाठी:

१. बाटली खरोखर गार आहे याची खात्री करा. गरम बाटलीत दाब जास्त असतो आणि फेस बाहेर येतो.
२. वरचा कागद काढा. अंगठा बुचावर ठेवा आणि तो तिथून हलवू नका.
३. तारेची कडी सैल करा. साधारण सहा अर्धे वेढे लागतात. जाळी काढून टाकायची गरज नाही, बुचाबरोबर निघू द्या.
४. बाटली ४५ अंशांत तिरकी धरा. तोंड कोणाकडे, दिव्याकडे किंवा खिडकीकडे नको.
५. बूच घट्ट धरा आणि *बाटली* फिरवा. बूच फिरवलं तर ते तुटू शकतं.
६. बूच वर येऊ लागलं की त्याला दाबून धरा. आवाज उसाशासारखा यायला हवा. ‘फाट्ट’ आवाज आला तर वाइन जमिनीवर गेली समजा.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा घ्या. पसरट ग्लासात बुडबुडे लवकर मरतात आणि अगदी अरुंद ग्लासात नाक जात नाही. पांढऱ्या वाइनचा साधा ग्लाससुद्धा चालतो.

*तपासून पाहा:* ग्लासाला साबण राहिला असेल तर फेस लगेच बसतो. गरम पाण्याने परत धुवा. आधी थोडीशी ओता, फेस खाली बसू द्या, मग दोन-तृतीयांश भरा.

लाल आणि पांढरी बाटली उघडल्यावर पाहुण्यांना ओतण्याआधी स्वतः हुंगा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट तळघराचा वास आला तर बुचाच्या दोषामुळे वाइन बिघडलेली आहे. डिकँट करून, म्हणजे दुसऱ्या भांड्यात ओतून, वाट बघून तो वास जात नाही. बाटली बाजूला ठेवा आणि जास्तीची काढा. बुचाचे दोन-चार कण ग्लासात तरंगत असतील तर मात्र तो दोष नाही, चमच्याने काढा.

डिकँटर कोवळ्या, तुरट लाल वाइनला किंवा गाळ असलेल्या बाटलीला. व्हिंटेज पोर्ट (पोर्तुगालची गोड, कडक वाइन) असेल तर ती एक दिवस आधी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसतो; मग एका दमात, न हिंदकळता ओता आणि गाळ दिसला की थांबा. पिंपात मुरलेल्या टॉनी पोर्टला याची गरज नसते.

७. त्या दिवसाचा क्रम

दुपारी दोनला जेवायला बसायचं आहे असं धरू.

- आदल्या रात्री: शॅम्पेन, पांढरी आणि गोड वाइन फ्रिजमध्ये. पोर्ट उभी. ग्लास धुऊन पालथे.
- १२:३०: शॅम्पेनची पहिली बाटली, खारट खाऊसकट. रिकाम्या पोटी बुडबुडे लवकर चढतात.
- १:१५: टर्की ओव्हनबाहेर. मांडीच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश दिसले का बघा. वर फॉइल सैल टाकून विसावू द्या. त्याच क्षणी लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवा. दोन्ही कामं एकत्र बांधली की विसरायला होत नाही.
- १:४५: लाल वाइन बाहेर, बूच काढा, हुंगा.
- २:००: वाढा. प्रत्येक जागी पाण्याचा ग्लास, टेबलावर पाण्याचा जग.

*इशारा:* ग्लास अर्धा असताना वर ओतत राहू नका. कोणी किती घेतली ते त्याचं त्यालाच कळत नाही, आणि गाडी त्यांच्यापैकीच कोणाला तरी चालवायची असते.

८. गोडाची वेळ

ब्रिटिश पद्धतीत चीज पुडिंगनंतर येतं, फ्रेंच पद्धतीत आधी. मला फ्रेंच क्रम सोयीचा वाटतो: उरलेली लाल वाइन चीजबरोबर संपते आणि मग गोडाकडे एकदाच वळता येतं. स्टिल्टनसारख्या निळ्या चीजबरोबर पोर्ट द्यायची असेल तर मात्र ब्रिटिश क्रम बरोबर, कारण पोर्ट गोड आहे आणि गोडानंतरच शोभते.

पुडिंग पेटवायचं असेल तर दोन-तीन चमचे ब्रँडी छोट्या पळीत मंद कोमट करा; गार ब्रँडी पेट घेत नाही. पळी शेगडीपासून दूर आणा, लांब काडीने पेटवा आणि पुडिंगवर ओता. बाटलीतून थेट आगीवर कधीही ओतू नका. बाही आणि केस आवरा, दिवे मालवा, ज्योत आपोआप विझू द्या.

त्याबरोबर वाइन पुडिंगइतकी गोड हवी. पेद्रो हिमेनेझ शेरी, रदरग्लेनची मस्कट, टॉनी पोर्ट किंवा माल्मसी मदेरा. सुक्या मेव्याच्या मिन्स पायलाही हेच. चॉकलेटच्या बूश द नोएल केकला बान्यूल्स किंवा रुबी पोर्ट. सुक्या मेव्याच्या जर्मन श्टोलन केकला गोड आउस्लेझे रीसलिंग. पानेत्तोने हा इटालियन गोड पाव हलका असतो. त्याला साडेपाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली मोस्कातो दास्ती किंवा दमी-सेक शॅम्पेन. पुडिंगबरोबर शॅम्पेनच हवी असा घरात हट्ट असेल तरी दमी-सेक काढू नका, तीही कमी पडते. टोस्ट आधी करा, ग्लास रिकामे होऊ द्या, मग पुडिंग आणा.

९. उरलेलं

उघड्या शॅम्पेनमध्ये चमचा लटकवल्याने बुडबुडे टिकत नाहीत. स्पार्कलिंगसाठीचा दाबून बसणारा स्टॉपर लावा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी पिण्यासारखी राहते. लाल वाइनही बूच लावून फ्रिजमध्येच. टॉनी पोर्ट काही आठवडे टिकते, उघडलेली व्हिंटेज पोर्ट दोन-तीन दिवसांत संपवा.

उरलेल्या लालची मसाला वाइन करायची असेल तर संत्र्याची साल, दालचिनी, लवंग आणि साखर आधी थोड्या पाण्यात उकळा, वाइन नंतर घाला आणि फक्त वाफ येईपर्यंत तापवा. ती उकळली की अल्कोहोल उडतो आणि मसाला कडू होतो. ओकवाली वाइन त्यात घालू नका. ती गार टर्कीच्या सँडविचबरोबर प्या. आणि स्टॉपर लावलेल्या ब्रूटचा शेवटचा ग्लास उरलेल्या हॅमचा खारट तुकडा आणि दोन भाजके बटाटे घेऊन, स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच संपवा.